मनोरीच्या खाडीचें पंचांग

पंचांग हें आपल्या घरांतील एक नित्याचें पुस्तक आहे. एकादशी केव्हां, प्रदोष केव्हां, वडिलांचें श्राद्ध कोणत्या तिथीस, हें पाहण्याकरितां तें महिन्यांतून दहा वेळां तरी खुंटीवरून खालीं येतें. अलीकडे तें भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांनीं जाऊन बसलें आहे. तरी घरांतील वडील माणसांच्या मनांतला त्याचा मान अद्याप गेलेला नाहीं. परंतु तिथीवर ज्याचें पोट अवलंबून आहे असा मनुष्य आपल्यापैकीं फार थोड्यांनीं जवळून पाहिला असेल. पुरोहितांची गोष्ट सोडून द्यावी. त्यांची दक्षिणा तिथीवर असते हें खरेंच. मी म्हणतों तो मनुष्य पंचांग वाचीत नाहीं, बहुधा विकतहि घेत नाहीं. आणि तरी आज कोणती तिथि हें त्यास झोपेंतून उठवून विचारलें असतां तो बिनचूक सांगतो. कारण तिथि चुकली तर त्याचें जाळें रिकामें येतें. मुंबईच्या उत्तरेस, मार्वे बंदराच्या पैलतीरीं, मनोरी गांवांत राहणारा कोळी तो हा.

मनोरी हें नांव मुंबईकरांस बहुधा सहलीच्या निमित्तानें ठाऊक असतें. मालाड स्टेशनावरून मार्व्यास यावें, तरींत बसावें आणि थोड्याच मिनिटांत पलीकडे उतरावें. किंवा भाईंदरहून उत्तन, गोराई असा लांबचा वळसा घेऊन मोटारीनें जावें. १९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हांपासून मुंबई या भागाला आपला म्हणते. पण खाडी मध्यें असल्यामुळें शहर तेथें हळूहळू पोहोंचलें. गोराईच्या बाजूस २००९ सालीं उद्घाटन झालेला विपश्यनेचा भव्य पगोडा दिसतो. अलीकडे मार्व्याच्या मागें उंच इमारतींची रांग दिसते. आणि या दोहोंच्या मध्यें नारळी, ताडी, कौलारू घरें, एक चर्च, देवळें आणि ओहोटीच्या वेळीं चिखलावर कलंडून पडलेल्या होड्या. मनोरी, गोराई व उत्तन हीं तिन्ही गांवें मिळून जें लांबट बेट होतें त्याचें जुनें नांव धारावी. शहराच्या मध्यावर असलेली दाट वस्तीची धारावी ती निराळी; पेशवाईच्या कागदपत्रांत धारावीचें बेट म्हणून जें येतें तें हें.

या बेटाला मुख्य भूमीपासून तोडणारें पाणी म्हणजे मनोरीची खाडी. तुळशी तलावाच्या सांडव्यापासून निघालेली दहिसर नदी, राष्ट्रीय उद्यानाचें जंगल ओलांडून, मंडपेश्वराच्या लेण्यांजवळून, अखेर हिच्याच पाण्यांत मिळते. त्याच डोंगरांतून आलेली पोयसर नदी कांदिवलीवरून मार्व्याच्या अंगाला खाडीस मिळते. डोंगरांतलें गोडें पाणी आणि समुद्राचें खारें पाणी यांची जेथें रोज दोन वेळां गांठ पडते, तेथें मासळीची पैदास होते. आणि जेथें मासळीची पैदास, तेथें कोळ्याची वस्ती. म्हणून या लोकांना केवळ समुद्रावरचे म्हणणें अपुरें आहे. त्यांचें अर्धें जीवन नदीच्या मुखाशीं बांधलेलें आहे.

आपल्या संस्कृत ग्रंथांना हे लोक अपरिचित नाहींत. अमरकोशांत कैवर्त, दाश, धीवर असे तीन शब्द एकाच ठिकाणीं येतात. शिवाय जाळ्याला, गळाला, मासे ठेवण्याच्या टोपलीलाहि स्वतंत्र शब्द दिलेले आहेत. टोपलीला कुवेणी म्हणत. ज्या भाषेंत एखाद्या धंद्याच्या टोपलीलासुद्धां नांव आहे, ती भाषा बोलणाऱ्यांच्या शेजारीं तो धंदा करणारे लोक राहत होते हें उघड आहे. आषाढी पौर्णिमेस आपण ज्या व्यासांची पूजा करितों, ते द्वैपायन, म्हणजे बेटावर जन्मलेले. आणि त्यांची माता यमुनेवर नाव चालविणारी दाशराजाची कन्या होती, हें महाभारतकारांनीं झांकून ठेविलेलें नाहीं. व्यासपूजेच्या दिवशीं आपल्या घरांत या माउलीचें नांव कितीसें निघतें, हें ज्याचें त्यानें पाहावें.

मुंबई-साष्टीच्या किनाऱ्यावरचे हे लोक स्वतःस सोनकोळी म्हणवितात. सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारे महादेव कोळी, मल्हार कोळी वगैरे निराळे. त्यांची गणना महाराष्ट्रांत अनुसूचित जमातींत होते, सोनकोळ्यांची विशेष मागास प्रवर्गांत. सोनकोळी या भूमीवर केव्हां आले याला इतिहासांत सन नाहीं. आपली मुंबई ज्या मुंबादेवीच्या नांवानें ओळखली जाते ती मूळची कोळ्यांची देवी. १९२४ सालीं राजवाड्यांनीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर पाहिली, तर बिंब राजाबरोबर कोणकोणतीं घराणीं उत्तर कोंकणांत आलीं याची मोठी याद तीत आहे. ब्राह्मण आले, प्रभु आले, इतरहि आले. म्हणजे आम्ही कोठून तरी आलों याचा लेख आहे. कोळी कोठून आला याचा मात्र असा लेख कोणाजवळ नाहीं. तो जाळें टाकूनच बसलेला होता.

खाडीच्या पूर्वेस बोरिवलीजवळ एक्सर नांवाचा गांव आहे. आतां तो शहरांत लुप्त झाला आहे. तेथें जुने वीरगळ उभे आहेत. वीरगळ आपल्याकडे गांवोगांव असतात. त्यांवर घोडेस्वार, गाईंचे कळप, फार तर एखादा हत्ती असतो. एक्सरच्या दगडांवर मात्र नौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत आणि त्या नौकांत ओळीनें बसून वल्हीं मारणारीं माणसें आहेत. उत्तर कोंकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यांत १२६५ च्या सुमारास जें समुद्रावरील युद्ध झालें, त्याच्याशीं संशोधक या शिल्पाचा संबंध जोडतात. त्या युद्धांत सोमेश्वर समुद्रांत बुडाला, आणि यादवांच्या पदरच्या हेमाद्रीनें त्यावर मोठी अलंकारिक उत्प्रेक्षा केली: महादेवाच्या कोपाग्नीपेक्षां त्यास समुद्रांतील वडवाग्नि बरा वाटला, अशा आशयाची. राजाचें नांव राहिलें, कवीचेंहि राहिलें. वल्हीं मारणारांचीं नांवें कोणी लिहिलीं नाहींत; परंतु वल्हें हातांत धरण्याची ती ढब मनोरीच्या खाडींत परवांपरवांपर्यंत पाहावयास मिळत होती. आतां यंत्रें आलीं.

१५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगिजांस दिली. पुढील दोनशे वर्षांत या किनाऱ्यावर जें धर्मांतर झालें त्यानें मनोरीची वस्ती दोन देवांत वांटली गेली. मंडपेश्वराचें शैव लेणें फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं चर्च करून टाकलें, हा त्याच काळचा इतिहास. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली. धारावीच्या बेटासाठीं मोठ्या झटापटी झाल्या, कारण तें ज्याच्या हातीं त्याच्या हातीं वसईच्या खाडीचें तोंड. आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या पुढें वसई वांकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी उचलली व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांचीच झाली. इतकीं राज्यें बदललीं, तरी खाडींत कोणत्या खुंटावर कोणाचें जाळें लागावयाचें हें कोणत्याहि राजानें ठरविलें नाहीं. तें कोळ्यांचें कोळ्यांनीं ठरविलें.

हा खुंट म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे, कारण या लोकांचा सारा संसार त्याला बांधलेला आहे. मुंबई किनाऱ्यावरील कोळ्यांचें मुख्य जाळें म्हणजे डोल. शंकूच्या आकाराची ही एक प्रचंड पिशवी असते. तोंडाशीं घर मोठें, आणि शेपटाकडे जातां जातां इतकें बारीक कीं जवळासुद्धां निसटूं नये. हें जाळें कोणी ओढीत नाहीं. समुद्राच्या तळांत लांबच लांब खुंट ठोकून त्यांना जाळ्याचें तोंड बांधतात, आणि भरतीचें किंवा ओहोटीचें पाणी ज्या दिशेनें धांवत येतें तिकडे तें तोंड उघडें राहतें. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली अशी जी मासळी प्रवाहाबरोबर वाहत येते ती आपण होऊन पिशवींत शिरते. पाणी थबकलें, म्हणजे भरतीची ओहोटी होण्याचा जो थोडा वेळ असतो त्यांत, जाळें उपसावयाचें. तो वेळ चुकला तर प्रवाह उलटतो आणि मिळालेलें जातें. खुंट ठोकणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. दोन होड्या जोडून, पुष्कळ माणसांच्या वजनानें व हिसक्यानें तो चिखलांत उतरवावा लागतो. म्हणून ज्या जागीं ज्या घराण्याच्या पूर्वजांनीं खुंट रोवला ती जागा त्या घराण्याची. मुलीच्या लग्नांत, भावांच्या वांटणींत, कर्जाच्या बोलण्यांत ती जागा शेताप्रमाणेंच जमेस धरतात. तंटा पडला तर पंच बसतात. पाण्यावर कुंपण नाहीं, मोजणीचा दगड नाहीं. किनाऱ्यावरचें देऊळ, एखादा ताड, डोंगराचें टोंक यांच्या रेषा नजरेनें जुळवून तांडेल आपली जागा अंधारांतहि बरोबर गांठतो.

आतां तिथीचा संबंध कोठें येतो तें पाहूं. हा भाग घरांतील विद्यार्थ्यांनीं पाटीपेन्सिल घेऊन वाचावा. त्यांस गणिताच्या पुस्तकापेक्षां यांत अधिक गोडी वाटेल. तिथि म्हणजे चंद्र व सूर्य यांच्यांतील बारा अंशांचें अंतर. आकाशाचें तीनशेंसाठ अंशांचें चक्र साठ घटकांत एकदां फिरतें. म्हणून बारा अंशांना दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटें लागतात. चंद्र दररोज जवळजवळ तेवढाच मागें पडतो आणि समुद्र चंद्राच्या मागें जात असल्यामुळें भरतीहि तेवढीच मागें पडते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्येस व पौर्णिमेस भरती दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास भरते. तेथून पुढें तिथीच्या दुप्पट घटका मोजाव्या. पंचमी असेल तर दहा घटका, म्हणजे चार तास. सबब भरती चारच्या सुमारास. कोंकणपट्टींत याचेंच सोपें रूप प्रचारांत आहे: तिथीला पाऊणनें गुणावें, येईल तो भरतीचा तास. अष्टमीस आठ गुणिलें पाऊण, सहा वाजतां. आमच्या दोन घटकांत आणि त्यांच्या पाऊण तासांत तीन मिनिटांचा काय तो फरक. ज्योतिषाच्या ग्रंथांतील व्याख्या आणि होडीतल्या माणसाचा ठोकताळा एकाच जागीं येऊन मिळतात, याचें मला प्रथमपासून मोठें कौतुक वाटत आलें आहे.

पण वेळ कळल्यानें काम भागत नाहीं. पाण्याचा जोर कळला पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र एका रेषेंत येतात, पाणी पुष्कळ चढतें व पुष्कळ उतरतें. याला उधाण म्हणतात. पावसाळ्यांत उधाणाची भरती साडेचार मीटरांच्याहि वर जाते. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनांत असतात, त्यांची ओढ एकमेकांस छेद देते, पाणी मंद चढतें व मंद उतरतें, तो भांग. डोल जाळें प्रवाहावर पोसलेलें. म्हणून उधाणांत तें भरतें व भांगांत उपाशी राहतें. द्वादशी-त्रयोदशीपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत धांवपळ, आणि मधले दिवस जाळीं दुरुस्त करणें, दोर वळणें, होडीची डागडुजी, सोयरीक, भांडण, न्याय. वेदपाठशाळांत अष्टमीला अनध्याय असतो हें वाचकांस ठाऊक आहे. कोळ्याच्या जाळ्यालाहि त्याच सुमारास अनध्याय असतो. पौर्णिमा-अमावास्येस मात्र आपली पोथी मिटलेली आणि त्याची होडी सुटलेली.

मी साष्टीच्या याच भागांत मास्तरकी केली आणि खाडीपलीकडचीं मुलें माझ्या वर्गांत असत. हजेरीपट हा शाळेंतला सर्वांत नीरस कागद. पण एका वर्षीं तो मीं पंचांग शेजारीं घेऊन तपासला. मनोरीच्या मुलांच्या गैरहजेरीच्या खुणा पंधरा-पंधरा दिवसांनीं थवा करून बसलेल्या दिसल्या. उधाण आलें कीं पोरें बापाबरोबर पाण्यावर, आणि भांग आला कीं वर्ग भरलेला. चाचणी परीक्षेच्या तारखा माझ्या हातांत होत्या तोंवर त्या मीं सप्तमी-अष्टमीच्या सुमारास ठेवीत गेलों. कारण कोणास सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर वरिष्ठांनीं मास्तरांना कर्मकांडी ठरविलें असतें.

पाण्यावरचें काम पुरुषांचें, पण पैशाचें काम बायकांचें. होडी किनाऱ्यास लागली कीं मासळी कोळणीच्या ताब्यांत गेली. तिचा भाव, तिची उधारी, तिची वसुली हें सारें ती पाहते, आणि नवऱ्याला हवे तेवढे पैसे तिच्याकडून मागून घ्यावे लागतात. आपल्या घरांतील किती कमावत्या पुरुषांना ही व्यवस्था मानवेल तें सांगवत नाहीं. बोंबील हा मासा इतका पाणचट कीं शंभर भागांत सुमारें नव्वद भाग पाणीच. तो ताजा फार वेळ टिकत नाहीं. म्हणून बांबूच्या उंच मांडवांवर दोऱ्या ताणून बोंबलांचीं तोंडें एकमेकांत अडकवून ते उन्हांत वाळत टाकतात. याला वलांडी म्हणतात. मढ, वर्सोवा, उत्तन येथें हिवाळ्यांत हीं वलांडींचीं रानें दुरून पाहण्यासारखीं असतात. (जवळून पाहणें प्रत्येकाच्या नाकावर अवलंबून आहे.) खाडीच्या आंतल्या अंगाला बायकाच अधिक उतरतात: ओहोटीस गुडघाभर चिखलांत शिरून कालवें फोडणें, तिसऱ्या वेंचणें, चिंबोऱ्या बिळांतून काढणें. निवटी नांवाचा मासा चिखलावर उड्या मारीत चालतो. त्याला हातानें पकडण्याची कला या बायकांखेरीज कोणास साधत नाहीं. तिवराच्या मुळांत कोळंबीचीं पिल्लें वाढतात, म्हणून तिवर तोडूं नये, हें प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत येण्यापूर्वींपासून त्यांना ठाऊक आहे.

आमच्यांतील पुष्कळांना या धंद्याची हिंसा खुपते. खुपावी, त्यांत गैर कांहीं नाहीं. मीहि जन्मभर शाकाहारी आहें. पण या प्रश्नाचा विचार आपल्यापैकीं कोणीच केला नव्हता असें मात्र नाहीं. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत शक्रावताराचा एक धीवर येतो. रोहित माशाच्या पोटांत सांपडलेली राजाची आंगठी विकतांना तो पकडला गेला आहे. नगराचा अधिकारी त्याच्या धंद्याची थट्टा करतो, मोठा पवित्र हो तुझा उद्योग, अशा सुरांत. त्यावर तो प्राकृतांत बोलणारा दरिद्री मनुष्य जें उत्तर देतो त्याचा भावार्थ असा: जन्मानें आलेलें काम निंद्य म्हटलें तरी टाकूं नये, श्रोत्रिय स्वभावानें दयाळू असूनहि यज्ञांत पशु मारतांना कठोर होतोच कीं. कालिदासानें हें उत्तर त्या धीवराच्या तोंडीं घातलें आणि त्यावर प्रत्युत्तर कोणाच्याच तोंडीं घातलें नाहीं. शिवाय आंगठी सांपडली म्हणून दुष्यन्ताला शकुंतला आठवली, आणि नाटक पुढें गेलें. तो अंक वर्गांत शिकवितांना माझ्या समोरच्या बांकावर धीवरांचीं नातवंडें बसलेलीं असत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद राघवभट्टाच्या टीकेंत सांपडणारा नव्हता.

श्रावणी पौर्णिमा हा आपला श्रावणीचा दिवस. जुनें यज्ञोपवीत टाकून नवें घालावयाचें. त्याच दिवशीं कोळी समुद्राला नारळ देतो. पावसाळ्यांत मासळीची वीण असते म्हणून त्यानें होडी वर ओढून ठेविलेली असते. आतां ती पाण्यांत जावयाची. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमान्वयें शासन पावसाळ्यांत यांत्रिक होड्यांना बंदी घालतें. पण ती बंदी कायद्यांत येण्यापूर्वीं शेंकडों वर्षें व्रत म्हणून पाळली जात होती. कोळ्यांची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा. चैत्रांत तिच्या यात्रेला घाट चढून सारे कोळीवाडे जातात. दर्याचीं लेंकरें आणि देवी डोंगरावर, ही मौज आहे. आणि देऊळहि बौद्ध चैत्याच्या अगदीं दाराशीं. ख्रिस्ती झालेल्या कोळ्यांनीं नारळाऐवजीं धर्मगुरूकडून होड्यांस आशीर्वाद घेण्याची चाल ठेविली. या किनाऱ्यावरील जुन्या ख्रिस्ती समाजाला ईस्ट इंडियन म्हणतात. रेल्वे व गिरण्यांच्या काळांत गोव्याकडचे व मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईंत आले, तेव्हां आपण येथलेच हें दाखविण्यासाठीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, त्यांनीं हें नांव घेतलें. नांव इंग्रजी, पण बोली मराठी. आणि लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणण्याचा विधि अजून चालतो. चारशें वर्षें चर्चमध्यें जाऊनहि उंबर सुटला नाहीं.

बोलीविषयीं शाळामास्तरानें दोन शब्द लिहिल्याखेरीज पुढें जाणें शोभणार नाहीं. कोळ्यांच्या तोंडीं ण चा न होतो, ळ चा ल होतो, दोन स्वरांच्या मधला ड पुष्कळदां र होतो: पानी, डोला, घोरा. घरांत याला ते घरान म्हणतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालीं निघालेल्या मराठीच्या खंडांत या बोलीचे नमुने नोंदलेले आहेत. विजया पुणेकर यांनीं १९५९ सालीं मुंबईच्या सोनकोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तरी शहरी कानाला ही बोली अशुद्ध वाटते आणि चित्रपटांत ती हंशाकरितां वापरतात. संस्कृतांत जाल, आम्ही म्हणतों जाळें, कोळी म्हणतो जालं. तिघांत संस्कृताच्या जवळ कोण राहिला, हें व्याकरण शिकलेल्यानें सांगावें.

आतां आजची स्थिति. दहिसर व पोयसर या नद्यांना उपनगरांतील लोक नाला म्हणूं लागले, त्याला दोन पिढ्या झाल्या. तबेल्यांचें शेण, कारखान्यांचें पाणी, लाखो घरांचें सांडपाणी त्यांतून उतरतें आणि सारें मनोरीच्या खाडींत येतें. डोल जाळें प्रवाहांतून जें येईल तें घेतें. तें आतां प्लॅस्टिकच्या पिशव्याहि घेतें, आणि मासळी उपसण्याआधीं कचरा निवडावा लागतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यांतच उधाणाची भरती आली. तेव्हां नद्यांचीं तोंडें व तिवरांचीं वनें कशासाठीं असतात हें शहराला एका दिवसांत कळलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत उच्च न्यायालयानें तिवरांची तोड थांबविणारा हुकूम दिला आणि २०१८ च्या सप्टेंबरांत तो अंतिम निर्णयानें कायम केला. तिवरें कांहीं वांचलीं. नद्यांचें पाणी मात्र तसेंच राहिलें.

२०२० सालापासून मनोरीचें नांव आणखी एका कारणानें वर्तमानपत्रांत येऊं लागलें. समुद्राचें पाणी गोडें करण्याचा मोठा प्रकल्प येथें उभारावयाचा असें मुंबई महानगरपालिकेनें ठरविलें. प्रथम दररोज २० कोटि लिटर, पुढें वाढवून ४० कोटि. मुंबईचें पाणी शंभर-सव्वाशें किलोमीटर दूरच्या धरणांतून येतें, पाऊस लांबला कीं कपात सुरू होते, तेव्हां ही योजना वेडेपणाची आहे असें मी म्हणणार नाहीं. पण खाऱ्या पाण्यांतून गोडें काढून घेतलें कीं मागें पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक खारें पाणी उरतें आणि तें समुद्रांतच सोडावें लागतें. तें कोठें सोडावें, तेथून प्रवाह त्यास कोणीकडे नेईल, उधाणांत किती दूर जाईल आणि भांगांत कोठें साचून राहील, हा सारा तिथीचा प्रश्न आहे. मनोरीच्या मच्छीमारांनीं या योजनेस हरकत घेतली ती याच भीतीनें, कीं उरलेल्या त्या पाण्यानें मासळी जाईल. तज्ज्ञांनीं प्रवाहाचीं गणितें यंत्रावर केलीं असतील. तीं खोटीं आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. मात्र ज्या घराण्याचा खुंट त्या पाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे त्याला, अष्टमीस तेथें पाणी कसें असतें, एवढें विचारण्यास खर्च कांहींच येत नाहीं.

विचारावयाचें तर कोणत्या नात्यानें, ही अडचण खरी. जमिनीचा मालक सातबाराच्या उताऱ्यावर दिसतो. खुंटाचा मालक तेथें दिसत नाहीं, कारण उतारा जमिनीचा असतो, पाण्याचा नसतो. कोळीवाड्यांच्या सीमा आंखून द्याव्या ही मागणी मुंबईंत कित्येक वर्षें चालू आहे. सरकारी मोजणीदार येतात, घरें मोजतात. पण जाळीं वाळविण्याचें मैदान, होड्या ओढून ठेवण्याची वाळू, वलांडींची जागा ही घरांच्या बाहेर असते, आणि कागदावर ती मोकळी पडीक जमीन म्हणून उमटण्याची धास्ती प्रत्येक कोळीवाड्याला असते. मुंबईंत मोकळ्या जमिनीचें पुढें काय होतें हें निराळें सांगावयास नको.

ज्यांना हा गांव पाहावयाचा असेल त्यांनीं सुटीचा वार न पाहतां पंचांग पाहून निघावें. उधाणांत जाल तर माणसें पाण्यावर असतील आणि बायका बाजारांत. घरीं म्हातारीं व मांजरें. शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या मागेंपुढें जावें. मार्व्याहून तर घ्यावी, बरोबर मुलांनाहि न्यावें, आणि किनाऱ्यावर जाळें विणीत बसलेला एखादा वृद्ध तांडेल दिसला तर त्याच्याजवळ बसावें. त्या दिवशीं त्याला सवड असते.